दामदुप्पटीचा हिशेब : गुंतवणुकीतील फसवणुकीच्या प्रश्नाचा आढावा

नंदुरबार जिल्ह्यात कळसाडीसारख्या गावांमध्ये शेतीचा पैसा दरमहा येत नाही. माल विकला की एकरकमी येतो आणि पुढच्या पेरणीपर्यंत किंवा लग्नकार्यापर्यंत कुठेतरी ठेवावा लागतो. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाची शिल्लक थोडी असते, पण तिचेही तसेच. ती कुठे ठेवायची, या साध्या प्रश्नाभोवती गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रात फसवणुकीचा एक मोठा इतिहास उभा राहिला आहे. खानदेशाने त्यातला मोठा वाटा सोसला. प्रत्येक प्रकरणानंतर चर्चा होते, ठेवीदारांचे मोर्चे निघतात, समित्या नेमल्या जातात आणि दोन-तीन वर्षांत नवी योजना नव्या नावाने त्याच गल्लीत येते. हे पुन्हा पुन्हा का घडते, ओळखायचे कसे, वाचायचे कसे आणि बुडालेले परत मिळते का, यावरची उत्तरे सगळ्यांची सारखी नाहीत. ती एकत्र मांडून तपासावीत, हा या लेखाचा हेतू. मतभेद बाजूला ठेवले तर पुरावा एका दिशेला झुकतो: या फसवणुकीचे मुख्य वाहन माणसांमधली ओळख आहे, लोभ त्यानंतर येतो. त्यामुळे पैसे देण्याआधीच्या तपासणीला जेवढे मोल आहे तेवढे नंतरच्या कोणत्याही कायद्याला नाही.

मागचा इतिहास

या प्रकाराला जगभर चार्ल्स पाँझीचे नाव चिकटले आहे. 1920 साली बॉस्टनमध्ये त्याने टपालाच्या कूपनांच्या व्यापारातून 45 दिवसांत 50 टक्के नफा देण्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो नव्यांचे पैसे जुन्यांना देत होता. आपल्याकडे बक्षीस-चिट आणि साखळी योजनांचा बोलबाला झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या जेम्स राज अभ्यासगटाने 1975 मध्ये त्यांवर बंदीची शिफारस केली आणि 1978 मध्ये केंद्राने तसा कायदा केला. त्यानंतर योजनांनी रूप बदलले. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्या आल्या. आज झाडाचे पैसे भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या, अशी त्यांची भाषा होती. त्यातल्या बऱ्याच बुडाल्यावर 1999 मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आणला. वकिलांच्या आणि ठेवीदारांच्या तोंडी तो ‘एमपीआयडी’ म्हणूनच आहे.

पुढच्या लाटेने शेतकऱ्याच्या परिचयाच्या वस्तू हाताशी धरल्या. पुण्याच्या ‘समृद्ध जीवन’ने शेळ्या-म्हशींच्या पालनाचे नाव घेतले, वसईच्या ‘मैत्रेय’ने भूखंडांचे, तर इस्लामपूरच्या ‘महारयत अॅग्रो’ने कडकनाथ कोंबड्यांचे; तो डोलारा 2019 मध्ये कोसळला. नाशिकच्या ‘केबीसी’ने आडपडदा ठेवला नाही. तीन वर्षांत तिप्पट, एवढेच तिचे सांगणे होते. 2014 मध्ये ती बुडाली तेव्हा तक्रारदारांमध्ये नाशिकबरोबर खानदेश आणि मराठवाड्यातली माणसे होती. देशपातळीवर पर्ल्स म्हणजे पीएसीएल हे प्रकरण सर्वांत मोठे. शेतजमिनीच्या नावाखाली साडेपाच कोटींहून अधिक लोकांकडून 49 हजार कोटी रुपये गोळा केल्याचे सेबीने 2014 च्या आदेशात म्हटले.

जळगावचे भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे बीएचआर, या बहुराज्यीय पतसंस्थेचे प्रकरण यांहून वेगळे आहे, आणि या भागासाठी ते अधिक महत्त्वाचे. तिथे कोंबड्या नव्हत्या की तिपटीचे आश्वासन नव्हते. फलक, काउंटर, पासबुक, मुदत ठेवीची पावती, सगळे बँकेसारखे होते. फेब्रुवारी 2015 मध्ये संस्थापक-अध्यक्षांसह संचालकांना अटक झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस संस्थेवर अवसायक नेमला गेला. बीडच्या ‘ज्ञानराधा’ बहुराज्यीय पतसंस्थेत 2023 नंतर असेच चित्र दिसले. तिथे बारा ते चौदा टक्के व्याजावर ठेवी गोळा झाल्या होत्या. म्हणजे फसवणूक ओळखण्याच्या चर्चेत केवळ अवास्तव आश्वासनाकडे बोट दाखवून भागत नाही. बँकेपेक्षा पाच-सहा टक्केच जास्त देणारी संस्थाही बुडते.

आकडे काय सांगतात

तरीही सुरुवात आकड्यांनीच करावी, कारण तिथे वादाला जागा नाही. तीन वर्षांत तिप्पट म्हणजे दरवर्षी चक्रवाढीने 44 टक्के. सरकारच्या किसान विकास पत्रात 2023 च्या दराने रक्कम दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे अधिक. ठेवी स्वीकारण्याची परवानगी असलेल्या बिगर-बँक वित्तीय कंपन्यांनाही साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये दादरच्या दालनासमोर जिच्या गुंतवणूकदारांची गर्दी जमली त्या ‘टोरेस’ने मोझोनाइट खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला सहा टक्के व त्याहून अधिक परतावा जाहीर केला होता. नुसते सहा धरले तरी वर्षाला मुद्दलाच्या तिप्पट व्याज होते. इतका नफा कायदेशीर धंद्यात सुटत असेल, तर मालक बँकेचे स्वस्त कर्ज काढून तो स्वतः घेईल. भाजी विकणाऱ्याच्या दारी येण्याचे त्याला कारण नाही.

साखळीचे गणित याहून कठोर आहे. प्रत्येकाने पाच सभासद आणायचे असतील, तर पाच, पंचवीस, सव्वाशे असे वाढत नवव्या थरातच 19 लाख 53 हजार 125 माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या, तान्ह्या बाळांसकट, साडेसोळा लाखांच्या आत होती. म्हणजे एका माणसापासून सुरू झालेली साखळी नऊ पायऱ्यांत अक्राणीच्या डोंगरापासून नवापूरच्या सीमेपर्यंतचा अख्खा जिल्हा संपवून बाहेर पडते. खालच्या थरातल्यांना मिळणार काय, याचे उत्तर गणितातच आहे. साखळी तुटते ती कुणाच्या बेइमानीमुळे नव्हे. माणसे संपतात म्हणून.

दोष कुणाचा?

इथून मतभेद सुरू होतात. पहिले मत पोलिस ठाण्यापासून पारापर्यंत ऐकू येते: लोक लोभी असतात, म्हणून फसतात. त्यात तथ्य नाही असे नाही. व्याजाचा दर ऐकून ज्याने घर गहाण टाकले त्याने धोका ओळखला नव्हता असे म्हणता येत नाही. पण हे मत बरेच काही न समजावताच सोडते. बीएचआरमध्ये निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्याला दामदुप्पट नको होती. त्याला घराजवळची, आपल्या भाषेत बोलणारी शाखा हवी होती. दोन टक्के जादा व्याजाला लोभ म्हणायचे, तर प्रत्येक ठेवीदार लोभी ठरतो आणि त्या शब्दाने काहीच कळत नाही.

दुसरे मत आर्थिक अज्ञानाचे आहे. 2011 मध्ये नंदुरबारची साक्षरता साधारण 64 टक्के होती, तेव्हा हे मत या जिल्ह्याला सहज लागू पडेल असे वाटते. पण शिक्षण वाढले की फसवणूक घटते, असे प्रकरणे दाखवत नाहीत. जुलै 2013 मध्ये मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले. तिथले सुमारे तेरा हजार गुंतवणूकदार दलालांमार्फत आलेले, बहुतांशी पैसेवाले आणि शिकलेले होते. समाजमाध्यमांवरच्या बनावट शेअर-व्यवहारांतही डॉक्टर, अभियंते, निवृत्त अधिकारी असतात. शिकलेल्याला आपण फसणार नाही असे वाटते आणि त्याच्याकडे बुडवण्यासारखी रक्कमही मोठी असते. साक्षरतेची मोहीम म्हणून निरर्थक ठरत नाही. ती एकटी पुरत नाही, इतकेच.

तिसरे मत पुरवठ्याकडे पाहते. बँकेची शाखा दूर, रांग लांब, अर्ज इंग्रजीत. उलट पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दुकानावर येऊन वीस रुपयेही घेतो. माणूस सोयीमागे जातो. हा मुद्दा वजनदार आहे, पण जनधन खाती आणि मोबाइलवरचे व्यवहार खेड्यात पोहोचल्यावरही फसवणूक थांबली नाही, हे त्याच्या विरुद्ध जाते.

या तिन्ही मतांना जोडणारा दुवा म्हणजे ओळखीचा माणूस. ‘मैत्रेय’ असो की ‘समृद्ध जीवन’, कंपनीचा मालक गावात कधी आला नाही. आला तो गावातलाच शिक्षक, विमा एजंट, बचत गटातली ताई किंवा मेहुणा. पहिल्यांदा पैसे त्यानेही स्वतःचे घातले होते आणि सुरुवातीचे हप्ते त्याला वेळेवर मिळाले होते. तो खोटे बोलत नव्हता, म्हणूनच त्याच्या बोलण्यावर विश्वास बसला. पाँझी योजनेची खरी ताकद इथे आहे: पहिल्या वर्षी तिचे साक्षीदार खरे असतात. ‘अमक्याला मिळाले’ हा पुरावा योजना चांगली असल्याचा नसून ती अजून बुडालेली नाही, एवढ्याचाच असतो. यावर आक्षेप असा, की ओळखीवर विश्वास ठेवायचा नाही तर गावात जगायचे कसे? भिशी आणि बचत गटही ओळखीवरच चालतात. फरक इतका, की भिशीत पैसा कुठे गेला ते बसलेल्या बाराही जणांना दिसते आणि बुडवणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते. एजंटावरचा विश्वास मात्र त्याच्या पाठीमागच्या, कुणी न पाहिलेल्या कंपनीला लावला जातो. माणूस सरळ आहे हे मान्य करूनही त्याची कंपनी तपासता येते, आणि त्यात त्याचा अपमान नाही.

तपासायचे ते काय

कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी क्रमांक, भिंतीवर लावलेला ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ फलक, यांतले काहीही लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना नाही. कंपनी नोंदवणे म्हणजे दुकानाचे नाव लिहून घेणे; आत काय विकता येईल, हे दुसरा कायदा ठरवतो. म्हणून प्रश्न नोंदणीचा नसून नियंत्रकाचा आहे. ठेव असेल तर रिझर्व्ह बँक, शेअर किंवा सामूहिक योजना असेल तर सेबी, विमा असेल तर विमा नियामक, पतसंस्था असेल तर सहकार निबंधक. बहुराज्यीय असेल तर दिल्लीतला केंद्रीय निबंधक. एजंटाला यांपैकी एकाचे नाव आणि परवान्याचा क्रमांक सांगता आला पाहिजे आणि तो त्या नियंत्रकाकडे जुळला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर 2016 पासून कोणत्या संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे ते पाहता येते आणि तक्रारही करता येते.

मात्र बीएचआर या कसोटीला उतरली असती. ती रीतसर नोंदलेली होती. म्हणून दुसरा प्रश्न हवा: संस्था बुडाली तर भरपाई कोण देईल? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. ‘अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक’ आणि ‘अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी’ या दोन फलकांमधला फरक रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही, आणि पाच लाखांचे संरक्षण नेमके त्या फरकात आहे. राज्यात नीट चालणाऱ्या पतसंस्था असंख्य आहेत. त्यांच्यावर संशय घ्यावा असे इथे सुचवायचे नाही. पण विम्याबाहेरच्या जागी सगळी पुंजी ठेवू नये, हा निष्कर्ष सर्वांत प्रामाणिक पतसंस्थेलाही लागू आहे. पैसे रोखीने मागणे, पावती कंपनीच्या नावाची नसणे, मुदत संपल्यावर रक्कम देण्याऐवजी ‘रिन्यू करा’ म्हणून गळ घालणे, ही पुढची लक्षणे. मूळ कसोट्या वरच्या दोनच.

कायदा कुठवर पोहोचला

एमपीआयडीखाली ठेव परत न करणाऱ्या वित्तीय संस्थेच्या चालकांना सहा वर्षांपर्यंत कैद होते आणि मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटता येते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला होता. 2011 मध्ये तमिळनाडूच्या तशाच कायद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मत नाकारले आणि पुढे महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने ‘ठेव’ या संज्ञेची व्याप्ती इतकी रुंद मानली की स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहारही तीत आले. या कायद्याची मर्यादा अशी, की तो पैसे बुडल्यावर जागा होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने 2019 मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानुसार विनापरवाना ठेव मागणे हाच गुन्हा आहे, पैसे बुडण्याची वाट पाहावी लागत नाही. नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज किंवा बचत गटाची वर्गणी त्यातून वगळली आहे. कागदावर हा कायदा एमपीआयडीपेक्षा बराच पुढचा आहे. पण योजना सुरू असताना तक्रार करणार कोण? ज्याला दर महिन्याला व्याज मिळते तो करत नाही, आणि ज्याने पैसे घातले नाहीत त्याला गरज वाटत नाही.

वेळीच कारवाई करण्याच्या विरोधात एक गंभीर युक्तिवादही आहे. धाड पडली म्हणून लोक घाबरले, सगळे एकदम पैसे काढायला आले आणि चालती संस्था बंद पडली, असे संचालक सांगतात. अनेक ठेवीदारही तेच म्हणतात. ‘ज्ञानराधा’ अडचणीत आली तीही संबंधित उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याने धाडी घातल्यानंतर. संस्थेची कर्जे चांगली असतील आणि अडचण केवळ रोखीची असेल, तर या युक्तिवादात दम आहे. पण नव्यांच्या पैशांतून जुन्यांना देणाऱ्या योजनेत प्रत्येक जादा महिना म्हणजे बुडणाऱ्यांची जादा संख्या. यातली कोणती संस्था कोणत्या गटात आहे, हे लेखापरीक्षणातून आधी कळायला हवे. सहकारातले लेखापरीक्षण ते सांगू शकले नाही, हीच बीएचआरपासूनची तक्रार आहे. 2023 च्या दुरुस्तीने बहुराज्यीय संस्थांसाठी सहकार लोकपालाची तरतूद आली. तिचा उपयोग किती होतो, हे अजून दिसायचे आहे.

बुडालेले परत येते का

थोडे येते, उशिरा येते. पर्ल्सच्या जमिनी विकून पैसे देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमायला सांगितली. परतफेड लहान दाव्यांपासून टप्प्याटप्प्याने झाली आणि बऱ्याच वर्षांनंतरही पूर्ण झाली नाही. ‘मैत्रेय’च्या बाबतीत नाशिकला न्यायालयाच्या देखरेखीखाली स्वतंत्र एस्क्रो खाते उघडून त्यातून ठेवीदारांना पैसे देण्याचा मार्ग निघाला. तो आश्वासक होता, पण त्याचा फायदा तक्रार नोंदवलेल्यांनाच. बीएचआरची वाट सर्वांत उद्वेगजनक ठरली. नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले, ते अवसायनाच्या काळातल्या व्यवहारांवरून. संस्थेच्या मालमत्ता कवडीमोलाने विकल्या आणि अडचणीतल्या ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी किमतीत घेऊन त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या, असे आरोप झाले. पुढे अवसायकालाही अटक झाली. ते आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे ते होतील, पण ‘जप्ती झाली, आता पैसे मिळतील’ या भरवशाला त्यांनी तडा दिला.

जप्त मालमत्तेवर पहिला हक्क कुणाचा, हा वाद अनेक वर्षे चालला. कर्ज देणारी बँक, ईडी, दिवाळखोरी न्यायाधिकरण आणि ठेवीदार, सगळे एकाच इमारतीकडे पाहत असतात. मे 2025 मध्ये स्पॉट एक्स्चेंजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एमपीआयडीखालची जप्ती तारण घेतलेल्या बँकांच्या हक्कापेक्षा वरचढ मानली आणि दिवाळखोरी संहितेतल्या स्थगितीमुळेही ती अडत नाही, असे म्हटले. ठेवीदारांसाठी हा मोठा निकाल आहे. पण विकायला मालमत्ताच उरली नसेल तर अग्रक्रमाचा उपयोग नाही, आणि पाँझी योजनेत बहुधा ती उरत नाही.

मोबाइलवरची लाट

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला एक नवी शाखा फुटली. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या गटात ओढले जाते, शेअरच्या ‘टिप्स’ मिळतात, नामांकित कंपनीच्या नावाचे बनावट अॅप उतरवायला लावतात आणि त्यावर नफा वाढताना दिसतो. काढायला गेले की आधी कर भरा, मग ‘प्रोसेसिंग फी’ भरा. गटातले इतर समाधानी सभासद बहुधा टोळीचेच असतात. म्हणजे गावातल्या ओळखीच्या माणसाची जागा इथे रचलेल्या गर्दीने घेतली आहे. नोंदणीकृत दलाल किंवा सल्लागाराला हमखास परताव्याचे आश्वासन देता येत नाही, म्हणून असे आश्वासन हीच खूण. पैसे एखाद्या खासगी व्यक्तीच्या खात्यात मागितले जाणे ही दुसरी. ऑक्टोबर 2025 पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ असा शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते आणि ते पडताळण्याची सोय सुरू केली आहे. इथे एक गोष्ट पतसंस्थेच्या प्रकरणांपेक्षा बरी आहे: सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच कळवले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येते. काही तासांचा उशीर मात्र ती संधी घालवतो, आणि लाजेपोटी होणारा उशीर बहुतेकदा दिवसांचा असतो.

न सुटलेले

दोन प्रश्नांवर अजून एकमत नाही. पहिला एजंटाचा. त्याने कमिशन घेतले, शेजाऱ्याला बुडवले, पण त्याचे स्वतःचेही बुडाले. त्याला आरोपी करावे की साक्षीदार? सरसकट आरोपी केले तर आतली माहिती देणारा कुणी उरत नाही. सरसकट सोडले तर पुढच्या योजनेला तयार माणूस मिळतो, आणि एका कंपनीचे एजंट बुडाल्यावर दुसरीत गेल्याची उदाहरणे आहेत. कमिशन परत करायला लावणे आणि साक्षीला उभे करणे हा मधला मार्ग योग्य वाटतो, पण त्यासाठी कमिशनचा हिशेब लागतो आणि तो बहुधा रोखीतला असतो.

दुसरा प्रश्न गावात पहारा कुणी ठेवायचा, हा. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो आणि 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींच्या पातळीवर आणला आहे. म्हणजे कर्ज देणाऱ्यावर गावाची नजर असावी, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. ठेव घेणाऱ्याबद्दल त्यात शब्द नाही. ठेवी गोळा करणाऱ्याने आधी ग्रामसभेसमोर आपला नियंत्रक आणि परवाना सांगावा, अशी अट घातली तर एकेका घरात होणारे बोलणे चारचौघांत येईल. याविरुद्धचा आक्षेप खराच आहे: सरपंच किंवा त्याचा भाऊच एजंट असेल तर ग्रामसभा त्याची जाहिरात होईल, आणि एकदा ग्रामसभेने होकार दिला की लोक दुप्पट विश्वासाने पैसे देतील. म्हणून ग्रामसभेकडे मान्यतेचा अधिकार देऊ नये, फक्त विचारण्याचा आणि दिलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा द्यावा, अशी मांडणी अधिक सुरक्षित दिसते. अशी नोंद तालुक्याच्या पोलिस ठाण्याकडे गेली, तर 2019 च्या कायद्याला आज न मिळणारा तक्रारदार योजना बुडण्याआधी मिळू शकेल.